राजीखुशीनं

"आयर्लंडमधलं अख्खं गाव आमचं होतं," प्लेनो या अमेरिकी शहरातल्या आपल्या घरी जेवू घालताना आश्लेषाच्या होणाऱ्या सासूबाई, मॉरीन, सांगत होत्या. "कायदा यायच्या आधीच आमच्या पणजोबांनी सगळी जमीन राजीखुशीनं कुळांना देऊन टाकली."

मोरेश्वर इनामदारांच्या मनात पाल चुकचुकली. निघताना गाडीत बसल्या बसल्या ते लेकीला म्हणाले, "या लोकांपासून जरा जपून राहा. जमीन कुणी राजीखुशीनं सोडत नसतं. कायदा येणार म्हणताच यांनी कुळांना हुसकावलं असणार, आणि आता दानशूर म्हणून मिरवतायत."

आश्लेषानं गाडी सुरू केलीच नाही.

"आपल्या पणजोबांचीही तुम्ही मला हीच गोष्ट सांगत आलात, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी कुणाला हुसकावलं होतं?"