नऊ पत्रांचा पत्ता

मॅनेजरसाहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "वाच. यातलं आम्हाला कळत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला उभ्याउभ्याच वाचू लागला. बाळंतपणाच्या वॉर्डाविषयीची नऊ निनावी पत्रं ज्याने आपल्या वेबसाइटवर छापली होती, त्याने वकिलाची नोटीस हातात पडताच शेपूट घातलं होतं आणि पत्रं कुठून आली ते लिहून दिलं होतं. नऊ तारखा, प्रत्येकीसमोर आकड्यांचा पत्ता, आणि नऊच्या नऊ ठिकाणी एकच. तो पत्ता त्याला दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही. त्या पत्त्यावरचा सर्व्हर त्यानेच भाड्याने घेतला होता. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावर.

"हा व्हीपीएन आहे, साहेब." आवाज कसाबसा सरळ निघाला. "माणूस आपलं नेट आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फिरवून आणतो. पुढच्याला त्या कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो, माणसाचा नाही. यातून काही हाती लागायचं नाही. एकेका पत्त्यामागे हजारो लोक असतात."

"विकतच्यात असतात," कोपऱ्यातले वकील म्हणाले. ते कुठून तरी नीट विचारून आले होते. "तिथे हजार गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावरून जातात, कोण कुठलं ते शोधता शोधता आमचे केस पिकतात. हा तसला नाही. हा कुणीतरी स्वतःपुरता उभा केलेला आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना कोर्टाचं पत्र गेलंय. परवापर्यंत भाडेकरूचं नाव येईल."

"नाव येऊ दे फक्त," मॅनेजरसाहेब म्हणाले. "नर्सच असणार. तिचा परवाना घालवतो, आणि तिला मदत करणाऱ्यालाही आत टाकतो. तुझी बहीण त्याच वॉर्डात आहे ना? तिला विचार, कुणावर संशय येतो का. भली बाई आहे."

तो जिना उतरून थेट वॉर्डाकडे निघाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याने तर रिकाम्या गाडीत बहिणीला बसवलं होतं.

ताई औजारांच्या खोलीत होती. सिझरचा सेट हिरव्या कापडात बांधून वर टेप लावत होती. त्याने दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, नुसते सावकाश झाले.

"पण तो आपला होता ना?" ती म्हणाली. "विकतच्या कंपनीला सगळं दिसतं, चोराच्या हाती किल्ल्या कशाला द्यायच्या, आपला हात जगन्नाथ. तूच म्हणत होतास की रे बाळ्या."

"खोटं नव्हतो बोलत. कंपनीने मनात आणलं असतं तर ती बघू शकली असती. आपल्यात मधे कुणी नव्हतं."

"मग?"

"आजूबाजूलाही कुणी नव्हतं, ताई. त्या पत्त्यावरून जाणारी तू एकटीच."

ताईने टेपचं टोक दातांनी तोडलं. मग एवढंच विचारलं, "पुसता येणार नाही?"

"सर्व्हर पुसता येईल. भाड्याच्या पावतीवरचं माझं नाव कसं पुसू?" त्याला रडू येत होतं, आणि बहिणीसमोर रडायची लाजही वाटत होती. "मी सांगतो, मीच लिहिली म्हणून. तू यात नव्हतीसच."

"वेडा आहेस. वाफेचा ऑटोक्लेव्ह चार महिने बंद आहे हे तुला कुणी सांगितलं, असं नाही विचारणार ते? वाफेत जाऊन आलं की या टेपवरच्या रेघा काळ्या पडतात. आमच्या पांढऱ्याच आहेत. औषधाच्या पाण्यात बुचकळायचं आणि बांधायचं, वरून हुकूम. दोन बाळंतिणी गेल्या त्या कुठल्या सेटने, ते मी नंबर घालून लिहिलंय. हे तुला ठाऊक असेल का?"

तीन वर्षांपूर्वी तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं, आणि त्याने तिचं हे असं भलं केलं होतं.

दार उघडलं. थिएटरची नर्स होती, आणि तिच्यामागे मॅनेजरसाहेब. ते असे कधी खाली येत नसत. चौकटीला खांदा टेकवून ते खोलीतल्या प्रत्येकाकडे जरा जरा वेळ बघत राहिले.

"सिझर घेतलंय, पेशंट टेबलावर आहे," नर्स म्हणाली. "हा सेट झालाय ना?"

हा प्रश्न ती रोज विचारायची आणि ताईचं उत्तरही रोजचंच असायचं. नाही झाला, आधी वीस मिनिटं उकळून घे. त्यावरून डॉक्टर ओरडायचे, ताई ऐकून घ्यायची, आणि सेट उकळला जायचा. साऱ्या वॉर्डात असं सांगणारी ती एकटी होती.

ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं कुणालाही दिसलं असतं. तिने गठ्ठा उचलला आणि टेपवरच्या पांढऱ्या रेघांवर अंगठा ठेवून नर्सच्या हातात दिला.

"झालाय," ती म्हणाली.