दोन वाती

"मी फुटबॉल शिवतो बाई, विधानसभा न्हाय!" सयाजीनं दाभण फळीत खुपसलं. "आठ दिस झालं, तेच. उभं ऱ्हावा, उभं ऱ्हावा. दुसरं कोण गावलं न्हाय व्हय?"

"न्हाय गावलं," बाई म्हणाली. "बारा जणांस्नी इचारलं. मास्तर, वकील, डाक्टर. समद्यांनी चा पाजला आनि वाटंला लावलं."

"मी चा बी पाजत न्हाय. जावा."

बाई हलली न्हाय. शिवाजी पेठेत सयाजीचं दुकान म्हंजे दोन फळ्या आनि एक स्टूल. त्या स्टुलावर ती बसलीवती. चाळिशीची, साधं लुगडं, मांडीवर फडक्यानं झाकलेली वेताची बुट्टी. महिला मंडळाची असंल म्हणून गल्लीनं तिला नाव इचारलंच न्हवतं. तिनं बी सांगितलं न्हवतं.

बहात्तर साल. फॉर्म भरायचा आज शेवटचा दिस, तीन वाजंपतोर. आमदार नृसिंहराव अडीचचा मुहूर्त काढून वाजतगाजत येनार, हे समद्या पेठेला ठावं. दुसरा कोणच न्हाय. म्हंजे मागल्या खेपंसारखाच बिनविरोध.

तेवढ्यात सयाजीची बायको झुंबरबाई खालच्या गल्लीतनं घागर घिऊन आली.

"धा वरसं झाली नळ देतो म्हणून! त्या नृसिंह्याला एकदा तरी ही घागर उचलाय लावा. आनि तुमी बसा चेंडू शिवत."

"पयल्या निवडणुकीला ते ह्या पेठेतनं चालत फिरल्यात," बाई म्हणाली. "पाय सुजायचं. मिठाच्या पाण्यात घालून बसायचं. मागल्या टायमाला बिनविरोध झालं आनि चालायचंच इसरलं."

झुंबरबाई भडकली. "त्येला कशाला अहो-जाहो करताय ओ?"

"सवय. माणूस वाईट न्हाय, बाई. मागायची येळच येईना, म्हणून बिगडलं." ती सयाजीकडं वळली. "तुमी निवडून या असं मी म्हणतच न्हाय. त्यांस्नी ह्या दारापतोर चालत यायला लावा. बास."

"आनि त्येच्या पोरांनी दुकान फोडलं म्हंजे?"

"दुकानाला हात लागला तर मला सांगा."

"तुमी कोण लागून गेलाय?"

बाईनं नुसतं बुट्टीवरचं फडकं सारखं केलं.

झुंबरबाईनं भरलेली घागर सयाजीच्या मांडीवर आदळली. निम्मं पाणी त्येच्या अंगावर, निम्मं फुटबॉलावर. "धरा. रोज सा खेपा करते मी. तुमी एक करून दावा, मग मी गप बसते."

सयाजीनं घागर बगितली. बायकोचा खांदा बगितला. मग उठला, वला सदरा बदलला आनि पायात चपला घातल्या.

"डिपॉझिटचं?"

"तालमीच्या पोरांनी वर्गणी काढलीया," झुंबरबाई म्हणाली. "कवाच."

बाईसंगं कचेरीत गेल्यावर कळलं, सूचक म्हणून सही करनारं तालमीचं वस्ताद आलंच न्हाईत. हातकणंगल्याला पावण्याकडं गेल्यात म्हणं. आखाड्यात बैलासारखी माणसं उचलनारा गडी एका सहीला पळाला.

सयाजीला तर हसूच आलं. "चला, सुटलो! सूचक न्हाय तर फॉर्म न्हाय."

"माझं नाव हाय मतदार यादीत," बाई म्हणाली. "भाग आनि नंबर तोंडपाठ हाय."

क्लार्कनं मान वर न करताच इचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"सांगत न्हाय. लिव्हते. पेन द्या."

तिनं सावकाश लिव्हलं, सही केली. क्लार्कनं वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग उठला आनि आपली खुर्ची पुढं सरकवली. "बसा... बसा की."

सयाजीला बरं वाटलं. सरकारी कचेरीत बाईमाणसाचा येवढा मान त्येनं कवा बगितला न्हवता.

"इचार केलाय न्हवं?" क्लार्कनं हळूच इचारलं.

"पाच वरसं केलाय," बाई म्हणाली.

सायबापुढं सयाजीनं शपथ घेतली. पयल्या वळीला आवाज कापला, दुसरीला बसला, तिसरीला असा निगाला की दारातला शिपाई वळून बगाय लागला. फॉर्म घेतला, पावती दिली. पाच मिंटात झालं समदं.

भाईर आल्यावर सयाजी पायरीवर बसला आनि लांब श्वास सोडला. आठ दिस छातीवर धोंडा हुता, त्यो गेला. काय हुईल ते हुईल, पर बिनविरोध तर टळलं.

बाई बी खाली बसली. तिच्या तोंडावर आठ दिसात पयल्यांदा हसू आलं. "लई हलकं वाटतंय बगा," ती म्हणाली, आनि डोळं पुसलं.

मग तिनं बुट्टीवरचं फडकं काडलं. आत ताट, कुंकू, तांदूळ, निरांजन, तुपात भिजवलेल्या दोन वाती. तिनं एक वात लावली. भर कचेरीच्या पायरीवर सयाजीला टिळा लावला, डोक्यावर तांदूळ टाकलं आनि ओवाळलं.

सयाजी लाजला. "आनि ही दुसरी वात कुणाला? अजून कोण उभा केलाय काय?"

"न्हाय. ते आदीपास्नंच उभं हाईत."

"मंग बसा की. आता तर चा पाजतो, मनापास्नं."

कचेरीच्या घड्याळात दोन वाजलं. बाईनं गडबडीनं ताट बुट्टीत ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आनि उठली.

"न्हाय दादा, मला आता निगायला पायजे. अडीचचा मुहूर्त हाय, आनि मी ओवाळल्याबिगर आमदार घराचा उंबरा वलांडत न्हाईत."