जयरामच्या जागी

"मनगट फिरव, खांदा नको," जयराम म्हणाला आणि संघरत्नाने दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम फिरवल्या. घड्याळाचा काटा दीड तास पुढे सरकावा, इतक्याच.

जयरामने तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर केला. बाटल्यांच्या बुडावरच्या चुन्याच्या खुणा एका रेषेत होत्या. शाबासकी मात्र त्याने राखून ठेवली. आधीच्या तिघा शागिर्दांचं त्याने तोंड भरून कौतुक केलं होतं आणि तिघंही परीक्षेत आपटले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

किन्हवलीच्या पुढे टेकडीत खोदलेलं ते तळघर शेखरशेठचं. घाटावरच्या स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं आणून शेठ इथे फेसाळणारी वाइन करायचे. ही वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते, तिथेच फेस धरते आणि तिथेच गाळ सोडते. तो काढायचा तर बाटल्या फळीच्या भोकांत उलट्या खोचायच्या आणि दीड महिना रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ हळूहळू घसरत बुचापाशी येतो. हात जरा जड पडला की तो पुन्हा उठतो आणि केलेलं सगळं वाया जातं. एखादी बाटली फुटतेही, म्हणून तो मुखवटा.

चार हजार बाटल्या आणि त्या फिरवणारे हात एकट्या जयरामचे. फ्रान्समधला एक म्हातारा द्राक्षवाला दोन हंगाम इथे येऊन राहिला होता, त्याने शिकवलं होतं. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळत नव्हती. म्हाताऱ्याने हातावर हात ठेवून काम चालवलं.

तेव्हापासून अकरा वर्षं जयराम तिथे अडकला होता. बाटल्यांना रविवार नसतो. बायको, गोजाबाई, गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो तळघरात होता, आणि ती गोष्ट त्याने स्वतःला कधी माफ केली नाही. आता ओलीने छाती भरायची, गुडघे वाजायचे. पण आपल्या जागी माणूस तयार केल्याशिवाय जाणार नाही, असा शब्द शेठना दिलेला. शब्द मोडणाऱ्यांतला जयराम नव्हता. शेठही हे ओळखून होते.

वाशिंदला मुलाचा फ्लॅट होता. रूपेश तिथल्या एका कंपनीत सुपरवायझर. "तुमची खोली तयार आहे बाबा," असं तो दर रविवारी फोनवर सांगायचा. नात कुणाली पाच वर्षांची झाली होती आणि आजोबांना फोनमधूनच ओळखत होती. जयरामला आता एवढंच हवं होतं, की तिला शाळेत सोडायला आपण जावं.

शागीर्द शोधून पाठवायचा तोही रूपेशच. दरवर्षी एक. असा मुलगा शंभर बापांत एखाद्यालाच मिळतो, असं जयराम शेठना पुन्हा पुन्हा ऐकवायचा. रविवारच्या फोनवर रूपेशचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, नव्या माणसाचा हात कसा आहे?

यंदा पाठवलेली संघरत्ना, शिकलेली आणि दोन वर्षं नोकरी शोधून थकलेली. हात कसला, फूल होतं. शिवाय डोकंही. पंचशीलातलं मद्य न पिण्याचं शील मोडून जयरामने आजवर घोटभरही गिळली नव्हती. तो नुसत्या वासावर सांगायचा, आणि महिन्याभरात तीही सांगू लागली. फ्रान्समधल्या मोठ्या कंपन्या दहा गावची द्राक्षं एकत्र करतात, म्हणून दरवर्षी चव तीच, असं त्याने तिला समजावलं. छोटा शेतकरी आपल्या बांधातलीच घेतो. पाऊस चुकला तर चव बदलते, तरी बाटलीवर नाव स्वतःचंच लावतो.

"म्हंजे काका, गिरणीचा तांदूळ आन् घरचा तांदूळ," ती म्हणाली.

जयरामला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली. अशी तुलना आधीच्या तिघांपैकी एकालाही सुचली नव्हती. रविवारी त्याने रूपेशला सांगून टाकलं, ही पोरगी मला घरी पाठवणार. परीक्षा कधी आहे, रूपेशने विचारलं. मग म्हणाला, बरं झालं.

परीक्षा साधी होती. गाळ बुचापाशी आलेल्या साठ बाटल्या आठवडाभर तिने एकटीने फिरवायच्या. जयरामने तिकडे फिरकायचंही नाही. त्या आठवड्यात त्याने आपली पेटी भरली आणि कुणालीसाठी शहापुरातून दप्तर आणलं.

सातव्या दिवशी सकाळी शेठनी एकेका बाटलीमागे बॅटरी धरली. पहिली गढूळ. दुसरी गढूळ. शेवटपर्यंत एकही स्वच्छ निघाली नाही. नवख्याच्या हातूनही दहा-वीस निभावतात, असं शेठ पुटपुटले आणि निघून गेले.

संघरत्ना मान खाली घालून उभी होती. जयरामला रडू फुटायचंच बाकी होतं, पण पोरीचा पडलेला चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"वाईट वाटून घेऊ नको गो," तो म्हणाला. "माझंच शिकवणं कमी पडलं. रूपेशला सांगतो, तुझा काय दोष नाय."

"माफ करा काका," एवढंच म्हणून ती जिना चढून वर गेली.

जयरामने मुखवटा खाली ओढला आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली. चार हजार बाटल्या थांबल्या होत्या.

फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत संघरत्नाने फोन लावला.

"सगळ्या गढूळ केल्या," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसं."

"बाबांना काय कळलं नाय ना?"

"नाय."

"मग सोमवारी कंपनीत ये," रूपेश म्हणाला. "आधीचे तिघंपण तिथंच लागलेत."