वर, उजवीकडे

वृंदाताई खुर्चीत नीट टेकायच्या आतच पेन्शनच्या वेबसाइटनं त्यांचा चेहरा ओळखला. “हयातीचा दाखला जमा झाला,” ती म्हणाली आणि आपणहून बंद झाली.

पूर्वी दर नोव्हेंबरात हे काम अख्खी दुपार खायचं. मुलगा ओजस बंगळुरूहून फोनवर चिडायचा, “आई, वर उजवीकडे तीन रेघा दिसतायत ना? त्या दाब!” आणि पान उघडेपर्यंत विचारायचा, “जेवलीस का?”

आज वृंदाताईंनीच फोन लावला. “अरे, त्या तीन रेघा सापडत नाहीयेत.”

“काढून टाकल्या, आई. आमच्याच टीमनं!” ओजस अभिमानानं म्हणाला. “तुला कुणाला विचारत बसावं लागू नये म्हणून. झालं ना काम? ठेवू मग?”

“हो, झालं.”

त्या अजून जेवल्या नव्हत्या.