हाकेला ओ

"ऐकाया येत न्हाई वाटतं, बाई. मगाधरनं मागनं हाका मारते, वळून बघत न्हाई. दावून घ्या कुनाला तरी."

दुधाचं माप पातेल्यात ओतता ओतता अंबुबाईनं हनुवटीनं ओट्याकडे खूण केली. ओट्यावर सुमनच्या सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिंपळे गुरवहून रतीब घालायला येणारी ही बाई थोरामोठ्यांनाही एकेरीतच बोलायची. सुमनला ते खटकलं.

"वय होतंय त्यांचं," ती तुटकपणे म्हणाली. "आमच्या घरचं आम्ही बघू."

"बगा बाई. आपलं वाटलं ते बोलले." अंबुबाईनं किटली उचलली आणि ती पुढच्या क्वार्टरकडे गेली.

सुमननं ते तिथंच सोडून दिलं. सासूबाईंना, यशोदाबाईंना, पंचावन्नावं नुकतं लागलं होतं. बार्शीचं घर बंद करून त्या नातवासाठी पिंपरीला आल्या होत्या. त्यांच्या जिवावर तर सुमन घरकाम उरकून दुपारी दोन पानं वाचू शकत होती. बी.ए. झाल्यापासून तेवढाच काय तो पुस्तकांशी संबंध उरला होता.

पण दिवाळी झाली आणि एकेक गोष्ट तिच्या नजरेत भरू लागली.

एकदा ती पोळ्या लाटत असताना बाहेरच्या खोलीत मोठा आवाज झाला. धावत जाऊन बघते तर पितळी पातेलं फरशीवर गरगरत होतं. बाळ सतरंजीवर पाठमोरं बसलं होतं आणि त्याच्यामागे यशोदाबाई रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

"निसटलं गं हातातनं."

त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. हातातली शक्ती गेली यांच्या, सुमनच्या मनात आलं.

मग हाकेला ओ येईनाशी झाली. "आई, पानं घेतलीत!" ती दारातून म्हणायची. यशोदाबाई मांडीवरच्या बाळाच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या. दुसरी हाक. तिसरी. मग कुठं त्या दचकून मान वर करायच्या. बोलणंही मोठं झालं होतं. "बाळराजेऽऽ" म्हणून अशा ओरडायच्या की शेजारच्या शालनबाई खिडकीत यायच्या. ऐकू कमी आलं की माणसं मोठ्यानं बोलतात, हे सुमनला ठाऊक होतं.

शेवटी तिनं विचारलंच. "आई, ऐकू येतं ना तुम्हाला नीट?"

"म्हातारी झाले बाई मी," यशोदाबाई हसल्या. मग हलकेच म्हणाल्या, "सुमन, कानाचं म्हणशील तर एक बोलायचं होतं..."

"काही घाबरू नका. पुण्याला दाखवू आपण."

सुमननं विषय तिथंच मिटवला. तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. शेगडी पेटलेली असते, मागे हौद आहे. बाळ रडलं आणि यांना ऐकूच आलं नाही तर? बाळाची तशी कटकट नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला तरी त्याची झोप मोडत नसे, असं गुणी. धास्ती होती ती सासूबाईंची. नळावर जातानाही ती त्याला काखेत घेऊन जाऊ लागली. यशोदाबाई हात पुढे करायच्या आणि तसेच मागे घ्यायच्या.

"आईला जरा तळेगावला ताईकडे राहू दे," एक दिवस सोपानराव बायकोला म्हणाले. "तिलाही विश्रांती, तुलाही घोर नाही."

यशोदाबाईंनी मुकाट्यानं पिशवी भरली. निघताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "त्याच्याशी बोलशील ना, ते समोर बसून बोलत जा. तुझं तोंड दिसू दे त्याला."

म्हाताऱ्या माणसांना काहीतरी सांगितल्याशिवाय निघवत नाही. सुमननं मान हलवली.

तीन महिन्यांनी सोपानरावांना रजा मिळाली. त्यांनी आईला परत आणलं आणि चौघं एस.टी.नं पुण्याला निघाली. गाडी भरलेली होती.

"ओ पाव्हणं, आजीबाईंना जागा द्या!" कंडक्टर ओरडला.

यशोदाबाईंनी मागं वळून बघितलं, आजीबाई कोण ते. मग कळल्यावर हसून बसल्या. "घे. शिक्का बसला माझ्यावर."

सुमननं प्रथमच त्यांच्याकडे नीट बघितलं. कानशिलं पार पांढरी झालेली, हातांवर शिरा उठलेल्या. हे कधी झालं? आपल्या डोळ्यांदेखत कधी झालं? तिला एकदम वाईट वाटलं.

डॉक्टरांनी यशोदाबाईंना खुर्चीवर बसवलं. पाठीमागून घंटा वाजवली, कोपऱ्यातून अगदी हळू आकडे म्हटले. यशोदाबाईंनी एकूण एक आकडा परत म्हणून दाखवला.

"बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या देतोय, त्या पण म्हणून दाखवू का?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. "माझ्यापेक्षा तिखट कान आहेत हो यांचे!"

"पण डॉक्टर, हाका मारल्या तरी..." सुमन गोंधळून गेली. सोपानराव बायकोकडे बघू लागले.

यशोदाबाई उठल्या. सुनेकडे न बघता त्यांनी तिच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि त्याला घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या.

"माझं झालं ना, डॉक्टर? आता ह्याचे कान बघा. दिवाळीपासून मी गप्प राहून बघतेय, कुणाच्या हाकेला तरी वळतो का ते. मीच चुकत असेन, म्हणून जोर देऊन बोलले नाही."

डॉक्टर बाळाच्या पाठीमागे गेले. घंटा वाजली. बाळ आजीच्या पदराचा काठ चिमटीत धरून खेळत राहिलं.

तुमच्या घरी पाळणा हलत असेल, तर सुमनचं एवढं मागणं ऐका. आज बाळाच्या मागे जाऊन एकदा टाळी वाजवून बघा.