पालथा

"पाच जण लागतात, मावशी, त्यांना पालथं करायला," सिस्टर म्हणाली. "फुप्फुसांत पाणी भरलंय. पालथं झोपवलं, की जरा श्वास पोचतो."

शेवंताबाईंना काचेतून लेकाची नुसती पाठ दिसत होती. पाच महिन्यांचा असताना तो पहिल्यांदा पालथा पडला, तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते.

"तोंड कधी बघायला मिळंल गं?"

"सुधारले, की उताणंच ठेवू."

भेटीच्या वेळी रोज पाठच. सातव्या दिवशी सकाळीच फोन आला, "लगेच या." काचेपलीकडे लेक चक्क उताणा होता! शेवंताबाई आल्या पावली परतल्या आणि खालून पेढे घेऊन थेट आत शिरल्या.

पलंगाभोवती पाचही जण उभे होते. श्वासाचं यंत्र बंद होतं. पेढ्याला कुणीच हात लावला नाही.