रिकामा तांब्या

"काकू, बॅगेतली गोधडी काढा," रविकांत म्हणाला. "तिकडं एकदा ओली झाली का वाळतच नाई."

रुख्मिणीने गोधडी काढली. ती तिच्या मुलाची, गोलूची होती. पाठीवर अडकवायची बॅगही गोलूचीच, कॉलेजातली, एक चेन तुटलेली. आता तीच घेऊन त्याचे वडील मारोतराव कोकणात निघाले होते. केनवडहून जीपने रिसोड, रिसोडहून तीनची एसटी, आणि शेवटच्या थांब्यापासून दोन कोस घाट पायी. गोलू तिथल्या ज्या घाटरस्त्याच्या कामावर होता, त्याच कामावर शेजारच्या रविकांतने दोन उन्हाळे काढले होते, म्हणून बॅग भरायला त्यालाच बोलावलं होतं.

वऱ्हाडातलं माणूस परगावी निघालं की अर्धं घर सोबत घेतं. धोतराचे दोन जोड, भाकरी, लोणच्याची बरणी, सकाळीच वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा. रविकांत एकेक वस्तू बाहेर ठेवत गेला.

"कांदा तरी राहू दे रे बापू."

"तिकडं लू नसते काकू, नुसता घाम. एक पातळ सदरा, एक पंचा, बस. भाकरीले दुसऱ्या दिवशी बुरशी येते. त्या हवेत काईच टिकत नाई."

एवढं बोलून त्याने जीभ चावली. मारोतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कामावरून आलेला सकाळचा फोन त्यांनीच घेतला होता. डोंगर कापताना कडा कोसळला, गोलू गेला. ओळख पटवायला या, अग्नी इथेच द्यावा लागेल, या उकाड्यात गावापर्यंत नेणं जमायचं नाही, अस्थी तेवढ्या नेता येतील. रविकांतला त्यांनी खरं सांगितलं. बायकोला सांगितलं, पाय मोडला. तेव्हापासून दहा वेळा तोंड उघडलं असेल, पण जीभ रेटत नव्हती.

बॅग हलकी झाली. रुख्मिणी गोधडीची घडी घालायला वळली, तेव्हा मारोतरावांनी फळीवरचा तांब्या उचलून बॅगेत ठेवला आणि वरून पंचा टाकला. पण तिने पाहिलंच.

"अवं, पान्याची बाटली घेतली ना? मंग रिकामा तांब्या कायले नेऊन राह्यले?"

रविकांत तुटलेली चेन उगाच ओढत बसला.

"लागन," मारोतराव म्हणाले.

आता सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"रुख्मे, आयक..."

तिला ऐकायला वेळ कुठे होता! तिने तांब्या बॅगेतून काढला, चुलीपाशी नेला आणि डब्यातले लाडू त्यात भरले. "रिकामं कायले न्याचं? डबा जड होते, हे तर हलकं हाये. हाड मोडलं म्हनता, डिंक पोटात गेला पायजे त्याच्या."

तांब्याच्या तोंडावर तिने लाल फडकं घातलं, सुतळीने गच्च आवळलं. मग तो बॅगेत न ठेवता नवऱ्याच्या दोन्ही हातांत दिला.

"हातातच धरून न्या," ती म्हणाली. "खाली नोका ठेवू. मुंग्या लागतात."